भिंतीला शोभेल असा प्रोजेक्टर

रंगाऱ्याने फुटबॉलची फायनल बघायला साडूला घरी बोलावलं आणि फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, की बघायची कशावर? घरात टीव्ही होता, पण तो ताटाएवढा, आणि त्याच्या मधोमध एक हिरवी रेघ कायमची मुक्कामाला होती. साडू सुतार होता. त्याने मध्यंतरी भला मोठा टीव्ही आणला, त्याच्यासाठी स्वतःच्या हाताने भिंतभर कपाट बनवलं, आणि तेव्हापासून तो फोनवर ख्यालीखुशाली विचारायच्या आधी मापं सांगत असे. आज त्याने "मग फायनल कुठे बघताय?" एवढंच विचारलं होतं. त्यावर "आमच्याकडेच या की" असं रंगाऱ्याच्या तोंडून निघून गेलं. सुतार लगेच हो म्हणाला. एरवी तो साध्या चहाला बोलावलं तरी दहा अडचणी सांगायचा, पण हे त्या वेळी कुणाला खटकलं नाही.

"आता काय करणार?" बायकोने विचारलं. ती शर्टांना इस्त्री करत होती.

"टीव्ही आणू. त्याच्यापेक्षा वीतभर मोठा."

"म्हणजे ताई म्हणणार, आमचं बघून आणला." तिने कॉलर उलटी केली. "त्यापेक्षा प्रोजेक्टर का नाही आणत? भिंतभर चित्र दिसतं म्हणे."

मान वर न करता, बटणं चुकवत इस्त्री फिरवता फिरवता ती हे बोलली. नवऱ्याला संशय यावा असं त्यात काही नव्हतं. घरातली कुठलीही चांगली कल्पना चहा संपेपर्यंत रंगाऱ्याला स्वतःची वाटू लागे. चहा संपला तेव्हा तो आईला समजावून सांगत होता, की टीव्ही हा प्रकार आता जुना झाला, शहाण्या माणसाने प्रोजेक्टर घ्यावा, आणि आपण तो घ्यायचं ठरवलंय. आईच्या गुडघ्यांनी केव्हाच संप पुकारला होता. तेव्हापासून ती दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत बसूनच घरावर लक्ष ठेवायची.

"घे की," आई म्हणाली. "पण दाखवणार कशावर? ह्या भिंतीवर?"

आता भिंतीबद्दल सांगायला हवं. गावभरची घरं रंगवणाऱ्या ह्या माणसाच्या स्वतःच्या दिवाणखान्यातली मोठी भिंत म्हणजे निव्वळ ठिगळं होती. शेडकार्डावरचा नखाएवढा रंग भिंतीवर गेला की दगा देतो, असं रंगाऱ्याचं ठाम मत. म्हणून गिऱ्हाइकाने रंग निवडला की तो आधी आपल्या भिंतीवर त्याचा हातभर पट्टा ओढायचा, वाळू द्यायचा आणि गिऱ्हाइकाला घरी बोलावून दाखवायचा. काम संपलं तरी पट्टा तिथेच राही. वकिलांचा विटकरी, बेकरीवाल्याचा पिस्ता, घटस्फोट मिळाल्यावर एका बाईंनी मोठ्या आनंदाने निवडलेला भडक केशरी, असे ते वर्षानुवर्षं एकमेकांना ढकलत दाटीवाटीने बसले होते. घरात त्यांना नावानेच ओळखत. वकिलांच्या खाली पाल आहे असं आई म्हणाली, की झाडू कुठे न्यायचा हे बरोबर कळत असे.

लग्न होऊन दोघं ह्या घरात राहायला आली, तेव्हा ही भिंत येत्या रविवारी रंगवायची ठरली होती. रंग झाला की तिथे लग्नाचा मोठा फोटो लावायचा होता. तो रविवार अजून उजाडला नव्हता. फोटो जुन्या चादरीत गुंडाळून कपाटामागे उभा होता, आणि त्यातली दोन माणसं आता त्या चौकटीत मावली नसती. बायकोने विषय काढला की रंगारी म्हणायचा, "अगं, ही काय साधी भिंत आहे? दुकान आहे माझं ते." हळूहळू तिने विषय काढणं सोडून दिलं. बायकोने एखादा विषय काढणं सोडून दिलं की तो मिटला, अशी पुष्कळ नवऱ्यांची समजूत असते.

दुकानात बायकोही बरोबर गेली. दुकानदार जिभेवर साखर ठेवून बोलणारा होता. त्याने ल्युमेन सांगितले, कॉन्ट्रास्ट सांगितला, भिंतीपासून किती अंतर लागतं ते सांगितलं. रंगाऱ्याच्या डोक्यात काही शिरलं नाही. पण गिऱ्हाइकाला न कळणारे शब्द गिऱ्हाइकाच्या तोंडावर मारणं हा त्याचाही रोजचा उद्योग असल्यामुळे त्याला राग आला नाही, उलट आदरच वाटला.

"ल्युमेन म्हणजे उजेड हो," दुकानदार म्हणाला. "जितके जास्त, तितकं चित्र लख्ख."

"म्हणजे आम्ही भिंतीला रंगाचा दुसरा हात मारतो तसं."

"अगदी तसंच," दुकानदार म्हणाला. रंगारी काहीही बोलला असता तरी तो हेच म्हणाला असता. "आणि आमच्याकडे घरी नेऊन बघायची सोय आहे. नाही पटला तर परत आणा. फक्त खोकं आणि आतला थर्मोकोल जसाच्या तसा लागतो, त्याशिवाय कंपनी परत घेत नाही. तुमच्या साडूंनी सुद्धा टीव्ही नेला तेव्हा..."

"ह्याची वायर कुठवर पुरते?" बायकोने मध्येच विचारलं.

दुकानदाराने वायर उलगडून दाखवली. ती चांगली लांब होती, आणि ती परत गुंडाळेपर्यंत साडूंचा विषय राहून गेला. घरी आल्यावर बायकोने खोकं उचलून आईच्या खुर्चीमागे ठेवलं आणि त्याला कुणी हात लावायचा नाही असं बजावलं.

त्याच दुपारी खिडक्यांवर जाड चादरी टाकून फुटबॉलचा एक जुना सामना लावला. चित्र भिंतभर आलं, ह्यात वाद नाही. निळ्या शर्टातला एक खेळाडू चेंडू घेऊन सुसाट सुटला, वकिलांच्या विटकरीत शिरला आणि पलीकडून जांभळा होऊन बाहेर आला. त्याच्याच संघातल्या कुणी त्याला पाय घालून पाडला असता तरी दोष देता आला नसता. लाल शर्टवाले बेकरीवाल्याच्या पिस्त्यात जाऊन मातकट होत होते. गोलकीपर नेमका घटस्फोटाच्या केशरीत उभा होता, त्यामुळे तो कुणाला दिसलाच नाही, आणि गोल झाला तेव्हा चेंडू आपोआप कसा थांबला हे आई विचारत राहिली.

"प्रोजेक्टर कमजोर आहे," रंगारी म्हणाला.

"मला वाटतं, भिंत..." बायकोने सुरुवात केली.

"भिंतीला काय धाड भरलीय? उजेड कमी पडतोय ह्याचा."

रंग पोपडे धरू लागला की दोष गिऱ्हाइकाच्या भिंतीतल्या ओलीवर ढकलून मोकळं व्हायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. इथे भिंत त्याची होती, म्हणून दोष प्रोजेक्टरकडे गेला. आईने फुटबॉल पुरे, समुद्र लाव, असं फर्मान काढलं. समुद्र लावला. वकिलांपासून पिस्त्यापर्यंत निरनिराळ्या रंगांच्या लाटा उठल्या, पण आईला त्याचं काही नव्हतं. एक मोठी लाट खुर्चीच्या रोखाने आली तेव्हा तिने पाय वर उचलून घेतले आणि मग आपणच हसली. किनाऱ्यावर जाऊन तिला किती वर्षं झाली होती, हे तिलाही आठवत नव्हतं.

दुसरा प्रोजेक्टर पहिल्यापेक्षा पुष्कळ जास्त उजेडाचा आणला. त्याने समुद्र उजळला, तसे पट्टेही उजळले. जे आतापर्यंत नुसते दिसत होते ते आता डोळ्यांत खुपू लागले. आईचा समुद्र चालू असतानाच दाताच्या डॉक्टरीणबाई दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या दवाखान्यातली पेशंट बसतात ती खोली रंगवायची होती आणि त्या नमुना बघायला आल्या होत्या. आईने समुद्र बंद करू दिला नाही. रंगाऱ्यालाही नवीन वस्तू मिरवायची होती, तेव्हा बाईंनी अंधारातच भिंत बघितली.

"हाच," एका पट्ट्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या. "अगदी हाच निळा. किती शांत वाटतंय बघून. पेशंट घाबरायचे नाहीत."

तो पट्टा करडा होता. पण गिऱ्हाइकं करड्याला निळा म्हणतात आणि निळ्याला आकाशी, ह्याची रंगाऱ्याला सवय होती. त्याने पट्ट्यावर खडूने खूण केली आणि दोन दिवसांत दवाखान्याची ती खोली आपल्या हाताने मन लावून करडी करून टाकली. बाई आल्या, चारी भिंतींकडे बघितलं आणि खुर्चीवर बसल्या. आधीच लोक इथे जीव मुठीत धरून येतात, त्या म्हणाल्या, आणि तुम्ही तर शवागार करून ठेवलंत. कुठला निळा सांगितला होता मी, आणि हे काय आहे? रंगाऱ्याने घरी येऊन भिंतीसमोर उभं राहून खडूची खूण पुन्हा पुन्हा तपासली.

"तो समुद्र होता रे," आई खुर्चीतून म्हणाली. "त्यांनी बोट ठेवलं तेव्हा लाट आली होती तिथे."

दवाखाना पुन्हा फुकटात रंगवावा लागला. रंगाऱ्याच्या धंद्यात असं कधी झालं नव्हतं, आणि त्याचा सगळा राग त्याने दुसऱ्या प्रोजेक्टरवर काढला. तो खोक्यासकट परत गेला. पहिल्याचं खोकं अजून आईच्या खुर्चीमागेच होतं, कारण पहिला परत न्यायला सवड झाली नव्हती आणि आईने त्याच्यावरच आपला समुद्र चालू ठेवला होता.

तिसरा प्रोजेक्टर खास होता. तो लांब ठेवायची गरज नव्हती, भिंतीच्या अगदी पायथ्याशी ठेवायचा आणि उजेड खालून वर जायचा. मध्ये कुणी आलं तरी सावली पडत नाही, असं सांगत दुकानदार तो स्वतः लावून द्यायला आला. कुणाची सावली पडली नाही हे खरं. पण खालून घासत गेलेल्या त्या उजेडात भिंतीच्याच सावल्या पडल्या. प्रत्येक पट्ट्याची कड उंबऱ्यासारखी उठून दिसू लागली. जिथे लांबी, म्हणजे पुट्टी, भरताना हात हलका पडला होता तिथे खड्डे, जिथे जड पडला होता तिथे टेंगळं. बातम्या सांगणाऱ्या बाईच्या गोऱ्यापान गालावर वकिलांची कड व्रणासारखी उमटली होती आणि तिच्या कपाळावर पापुद्रा सुटला होता.

दुकानदाराने त्या पापुद्र्यावरून बोट फिरवलं. मग शक्य तितक्या हळुवारपणे त्याने विचारलं, "रंगकाम कुणाकडून करून घेतलंत?"

आईने खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली, पण खिडकीवर चादर होती.

"ओळखीतल्याकडून," बायको म्हणाली.

"ओळखीतल्यांकडून कधी करून घेऊ नये," दुकानदार म्हणाला आणि प्रोजेक्टर परत खोक्यात भरायला लागला.

त्या दिवशी रंगारी धड जेवला नाही. त्याने भिंतीकडे पाठ करून बसायचा प्रयत्न केला, पण मागे भिंत आहे हे पाठीलाही कळत होतं. फायनल जवळ येत होती. साडूला नको म्हणून कळवण्यापेक्षा गाव सोडलेलं बरं, असं त्याला वाटत होतं. मग त्याने भिंतीला वगळून मार्ग शोधायला सुरुवात केली. दारावर चादर टांगली, तर घरातल्या सगळ्या चादरी फुलाफुलांच्या निघाल्या, आणि पंखा लावला की दोन्ही संघ पोटात कळ आल्यासारखे वाकडेतिकडे होत. मग त्याने प्रोजेक्टर उताणा ठेवून छतावर चित्र पाडलं. ते सुरेख आलं. छत स्वच्छ होतं, कारण तिथे नमुना दाखवायला कुठलंच गिऱ्हाईक मान वर करायला तयार नसे. फक्त बघणाऱ्याने जमिनीवर आडवं पडायला हवं होतं.

"म्हणजे साडूला घरी बोलावून आडवा पाडणार?" आईने विचारलं.

रंगारी आडवा पडून छताकडे बघत होता. मग उठून म्हणाला, "भिंत रंगवतो."

"बरं," बायको म्हणाली. पुन्हा इस्त्रीच चालू होती. त्या शर्टाची एक बाही तिने दोनदा इस्त्री केली, एवढंच.

पण रंग कुठला द्यायचा? पांढऱ्यात काय निवडायचं असतं हो, असं म्हणून जन्मभर गिऱ्हाइकांची टर उडवणारा हा माणूस पांढऱ्यात अडकला. एक पांढरा निळसर वाटे, एक गुलाबी, एकावर माणसांचे चेहरे कावीळ झाल्यासारखे दिसत. तो शेडकार्ड घेऊन खिडकीपाशी जाई, दिव्याखाली येई, सकाळी एक ठरवी आणि दुपारी मोडी. गिऱ्हाईक असं वागू लागलं की तो त्याला दुसरा रंगारी बघायला सांगत असे. शेवटी त्याने पहिला, साधा प्रोजेक्टर हातात धरला, त्यावर एका बाईचा हसरा चेहरा लावला आणि तो चेहरा भिंतीवरच्या एकेका फिकट पट्ट्यावरून फिरवू लागला. चेहरा कुठे आजारी दिसला, कुठे संतापलेला. फिरत फिरत तो खाली डाव्या कोपऱ्यात, आईच्या खुर्चीच्या आडोशाला गेला, आणि तिथे तो एकदम माणसाचा चेहरा दिसला.

रंगाऱ्याने खुर्ची सरकवली. तिथे एक जुना, वीतभर पट्टा होता. दुधावरच्या सायीसारखा रंग. इतर पट्ट्यांनी त्याला कोपऱ्यात पार दाबून टाकलं होतं.

"हा कुणाचा?" त्याने विचारलं. पट्टा बघून गिऱ्हाईक आठवलं नाही असं त्याचं कधी होत नसे. "शिकवणीवाल्या मास्तरांचा?"

आईने सुनेकडे बघितलं.

"माझा," बायको म्हणाली. "आपण इथे राहायला आलो त्या दिवशी तुम्ही शेडकार्ड दिलं होतं माझ्या हातात. मी हा निवडला. तुम्ही पट्टा ओढलात, आणि म्हणालात, येत्या रविवारी."

वकिलांचा, बेकरीवाल्याचा, सगळ्यांचा रंग रंगाऱ्याला पाठ होता आणि नेमकं पहिलं गिऱ्हाईक तो विसरला होता. त्या गिऱ्हाइकाने इतक्या वर्षांत एकदाही दुसऱ्या रंगाऱ्याकडे जायची धमकी दिली नव्हती. त्याला मनापासून लाज वाटली. ती झाकायला त्याने पत्र्याची पट्टी उचलली आणि वकिलांना खरवडायला घेतलं.

पुढचे काही दिवस घरात पांढऱ्या धुळीशिवाय काही नव्हतं. स्वयंपाकघरात बसायचं, तिथेच जेवायचं, तिथेच शिंकायचं. खरवडणं, लांबी, घासणं, पुन्हा लांबी, पुन्हा घासणं, प्रायमर, आणि मग रंगाचे दोन हात. रात्री आडवा पडला की त्याचे खांदे ठणकत. एवढा जीव लावून त्याने कुणाचीही भिंत केली नव्हती. बाहेरचं एक कामही त्याने पुढे ढकललं, आणि "आधी घरचं आहे" असं तो फोनवर म्हणाला तेव्हा आईने कान टवकारले. बायको अधूनमधून गॅलरीत उभी राहून ताईशी हळू आवाजात बोलायची. रंगारी जवळ आला की ती भाजी किती महागलीय ते सांगू लागायची.

रविवारी संध्याकाळी सुतार आणि ताई आले. दिवे अजून चालू होते. सुतार दारातच थांबला. मग पुढे जाऊन त्याने भिंतीवरून तळहात फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि गाल भिंतीला लावून एका डोळ्याने तिची सपाटी पाहिली.

"रंधा मारल्यासारखी आहे," तो म्हणाला. साडूकडून ह्याहून जास्त कुणी अपेक्षा करू नये.

सामना सुरू झाला आणि चित्र असं आलं की गवताची पाती वेगळी दिसावीत. निळे निळे राहिले, लाल लाल राहिले, दोन्ही गोलकीपर शेवटपर्यंत दिसत होते. रंगारी सामना बघतच नव्हता, तो साडूचा चेहरा बघत होता. आता हा टीव्हीचं नाव काढणार आणि मग आपण बोलणार, अशी त्याने वाक्यं जुळवून ठेवली होती. सुतार टीव्हीचं नाव काढेना. मध्यंतराला दोघं गॅलरीत आले तेव्हा रंगाऱ्याला धीर धरवला नाही.

"काय साडूभाऊ, तुमच्या टीव्हीच्या तुलनेत कसं वाटतंय?"

सुताराने मागे वळून दार नीट लोटलं आहे ना ते बघितलं. "टीव्ही गेला."

"बिघडला?"

"परत गेला. कपाटाला पॉलिशचा शेवटचा हात मारला, आणि दुसऱ्या दिवशी हिने दुकानदाराला बोलावून घेतलं. म्हणाली, डोळ्यांना फार त्रास होतो."

"अहो, पण मग तुम्ही फोनवर मापं सांगत होता ती?"

"मापं खरी होती," सुतार म्हणाला. "कपाटाची."

"आणि टीव्हीच्या जागेत आता काय आहे?"

"पांघरुणं." सुतार रस्त्याकडे बघत राहिला. "तुम्ही फायनलला आमच्याकडे येतो म्हणाला असता ना, तर माझी पंचाईत होती. लोकांची कपाटं करतो जन्मभर, आणि आमची पांघरुणं वर्षानुवर्षं पेटाऱ्यात. ती कपाट मागायची, आणि मी म्हणायचो, येत्या..."

"रविवारी," रंगारी म्हणाला.

रंगाऱ्याला इस्त्री आठवली. वायर कुठवर पुरते ते आठवलं. खोक्याला कुणी हात लावायचा नाही हे आठवलं. मग तो दार उघडून आत आला, मागोमाग सुतारही.

दोघी बहिणी सोफ्यावर शेजारी शेजारी बसल्या होत्या. कपाटामागचा फोटो बाहेर आला होता, त्याची चादर सोडलेली होती, आणि बायकोच्या मांडीवर एक मोठा खिळा आणि हातोडा होता.

"अहो," ती म्हणाली, "सामना झाला की ते खोकं तेवढं काढून ठेवा हं. उद्या दुकानदार येणार आहे. छान आहे प्रोजेक्टर, पण डोळ्यांना फार त्रास होतो हो."

ताईने पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि तो बराच वेळ खाली आणला नाही. साडूपुढे मिरवायचा प्रोजेक्टर साडूसमोरच निघून चालला होता, आणि अडवायला तोंड कुठलं? भिंत तिची होती. रंगारी मुकाट्याने आईच्या खुर्चीमागे वाकला. तिथे खोकं नव्हतं.

"आई, इथलं खोकं?"

"ते होय," आई म्हणाली. "भंगारवाल्याला दिलं. तुझं घासकाम चाललं होतं तेव्हा. आतलं ते पांढरं पण दिलं, फार जागा अडवत होतं."

"अहो आई," बायको म्हणाली, "खोक्याशिवाय परत घेत नाहीत ते."

"हो का? मला मेलीला काय कळतंय त्यातलं." मान वर न करता, शालीचं टोक सरळ करता करता आई हे बोलली. संशय यावा असं त्यात काही नव्हतं. "सामना संपला की समुद्र लाव रे."

बायको सासूकडे बघत राहिली. आपल्याच इस्त्रीतली घडी तिने ओळखली असावी. तिला राग आला आणि हसूही आलं, दोन्ही एकदम. हातात खिळा होता, आणि भिंतीवर आता उरलेला सामना सुरू झाला होता. मधोमध फोटो लावला असता तर निम्मे खेळाडू वधूवरांच्या मागे गेले असते. तिने हळूहळू मान वळवली. समोर दुसरी भिंत होती, प्रोजेक्टरच्या मागची. तिच्यावर पट्टे नव्हते, पण रंगही नव्हता. होते ते पोपडे. तिच्या पाठोपाठ ताईने मान वळवली, मग आईने. मग तिघींनी मिळून रंगाऱ्याकडे बघितलं.

"येत्या..." रंगाऱ्याने सुरुवात केली. मग त्याची नजर बायकोच्या हातातल्या हातोड्यावर गेली. "उद्या," तो म्हणाला. "उद्या सकाळी घेतो घासायला."

"रंग तोच," बायको म्हणाली.

"तोच. दुसरा कुठला?"

सुताराने साडूकडे अपार दयेने बघितलं आणि त्याच्यासाठी सोफ्यावर जागा केली.

"बसा रे दोघं खाली," आई म्हणाली. "गोल दिसत नाहीये मला."